जिन्यावरून पडताना नेमकं कसं वाटतं?

दोनदा पडलोय. एकदा तीन पायऱ्या, एकदा नऊ. नऊवाल्याचं सांगतो, कारण तीनवाल्यात काही वाटायच्या आतच खाली पोचलो होतो.

पायात मोजे, हातात हनुवटीपर्यंत आलेला धुतलेल्या कपड्यांचा ढीग. पडणं एवढं आठवत नाही, जेवढं पायरी नसणं आठवतं. उतरताना आपण प्रत्येक पायरी कुठे बघतो? पहिल्या एक-दोन पायऱ्यांत शरीराला उंचीचा अंदाज येतो आणि पुढे पाय त्याच मापानं पडत राहतात. माझी टाच कडेवरून सटकली आणि जिथे काहीतरी टणक लागायला हवं होतं तिथे काहीच लागलं नाही. पोटात खड्डा पडला. अंधारात जिना संपल्यावरही आणखी एक पायरी आहे असं समजून कधी पाय टाकलाय? तसाच दचका, पण उलटा. तिथे जमीन अपेक्षेआधी येते, इथे येतच नाही.

मग सगळं संथ झालं. भिंतीवरचा एक ओरखडा दिसला, 'डोकं आपटायला नको' असा अख्खा विचारही करून झाला. एवढं सगळं फार तर दोन सेकंदांत! मेंदूशास्त्रज्ञ डेव्हिड ईगलमन आणि सहकाऱ्यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात माणसांना ३१ मीटरवरून जाळीत पडू दिलं होतं. स्वतःचं पडणं त्यांना सरासरी ३६ टक्के जास्त लांबलेलं वाटलं, पण मनगटावरच्या यंत्रात भराभर बदलणारे आकडे काही नीट वाचता आले नाहीत. म्हणजे नजर तेज होत नाही, आठवण तेवढी दाट भरली जाते.

पायऱ्यांच्या कडा एकेक करून पाठीला लागत होत्या तेव्हा दुखलं म्हणाल तर नाही. धप धप आवाज मात्र ऐकू आला, जणू दुसरंच कोणी पडतंय. खाली बसकण मारल्यावर पहिला विचार: कुणी बघितलं का? कपडे तसेच छातीशी धरलेले. कठडा धरायला हात मोकळा करावा हे सुचलंच नाही.

दुखणं त्यानंतर आलं. आधी एक तीक्ष्ण कळ, मग मागून सावकाश पसरणारा ठणका. हे दोन वेगवेगळ्या मज्जातंतूंचं काम, दुसरे बरेच संथ. माकडहाडाला मार बसला की खुर्चीवर बसणं, उठणं, शिंकणं, सगळ्याची धास्ती वाटते. मांडीवरचा डाग जांभळा, मग हिरवा, मग पिवळा झाला. तो रोज बघायची मला जरा जास्तच हौस होती.

तुम्ही आत्ताच पडून हे विचारत असाल तर घाईनं उठू नका. आधी हातपाय हलवून बघा. डोक्याला मार लागून उलटी किंवा गुंगी येत असेल, मान दुखत असेल, पाय बधिर वाटत असतील किंवा लघवीवर ताबा राहत नसेल, तर उत्तरं वाचत बसू नका. आहात तिथेच थांबा आणि कुणाला तरी रुग्णवाहिका बोलवायला सांगा.