अकरावीचे विषय निवडताना

चि.स अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली अकरावीच्या विषयांची यादी नीट वाचली. सहा एपी (अमेरिकेतल्या शाळांत घेता येणारे महाविद्यालयाच्या पातळीचे विषय) आणि त्यांना जागा करून देण्यासाठी सोडलेले स्पॅनिश. माझे मत आधीच सांगतो: स्पॅनिश सोडू नकोस आणि एपी चारच ठेव.

तुझ्या आईबाबांनी महाराष्ट्रात दहावीनंतर विज्ञान शाखा घेतली आणि इतिहास-भूगोल तिथेच सुटले. त्यामुळे गणित-विज्ञान भक्कम असले की बाकीचे चालून जाते, असे त्यांना वाटणे स्वाभाविक आहे. अमेरिकेतल्या निवडक महाविद्यालयांना मात्र इंग्रजी, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रे आणि परभाषा या पाचही विषयांत सातत्य हवे असते. एमआयटीसुद्धा कॅल्क्युलस, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र यांच्या जोडीला चार वर्षे इंग्रजी व दोन वर्षे परभाषा सुचवते. हार्वर्ड तर एकच परभाषा चारही वर्षे शिकावी असे म्हणते.

तुझा अर्ज तुझ्याच शाळेच्या पार्श्वभूमीवर वाचला जातो. कॉमन अ‍ॅपमध्ये, म्हणजे अनेक महाविद्यालयांसाठी चालणाऱ्या सामायिक अर्जात, शाळेच्या काउन्सेलरने भरायच्या अहवालात, महाविद्यालयात जाऊ पाहणाऱ्या शाळेतल्या इतर मुलांच्या तुलनेत तुझे विषय किती अवघड होते, असा प्रश्न असतो. त्यातला सर्वांत वरचा शेरा मिळायला तुमच्या शाळेत काय घ्यावे लागते, हे काउन्सेलरला थेट विचार. दुसऱ्या शाळेतल्या मैत्रिणीच्या एपी मोजून हे कळणार नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठ तर प्रवेशासाठी सरासरी काढताना एपी आणि ऑनर्सचे (शाळेतल्या वरच्या पातळीच्या वर्गांचे) जादा गुण आठ सेमिस्टरपुरतेच, म्हणजे वर्षभराच्या चार विषयांपुरतेच, धरते.

तुला इंजिनिअरिंगकडे जायचे आहे, म्हणून कॅल्क्युलस आणि भौतिकशास्त्राला हात लावू नकोस. इंग्रजी आणि अमेरिकेचा इतिहासही राहू दे. मानसशास्त्र आणि पर्यावरणशास्त्र मात्र यादी लांबवण्यासाठीच घेतलेले दिसतात. त्यांत तुला मनापासून रस असता, तर मी वेगळे लिहिले असते. मे महिन्यात दोन आठवड्यांत सहा परीक्षा, त्याआधी वर्षभर रोजचा गृहपाठ आणि रोबोटिक्सच्या संध्याकाळी, यांत झोपेला आणि वाचनाला वेळ उरत नाही, आणि थकलेल्या मुलांचे गुण आधी त्यांच्या आवडत्या विषयांतच घसरताना मी पाहिले आहेत. मला तुझी तीच काळजी वाटते.

शिवाय सगळे अकरावीतच उरकायला हवे असे नाही. बारावीला घेतलेले विषय अर्जात दिसतात आणि पहिल्या सत्राचे गुणही बहुतेक ठिकाणी मागवले जातात. तेव्हा रसायनशास्त्राची एपी पुढच्या वर्षासाठी राखून ठेवता येईल. फॉर्मवर सही होण्याआधी काउन्सेलरची वेळ घे, आणि ते काय म्हणतात ते मला कळव.

तुझा,
काका