उन्हाळ्यात गाडी कायम रिझर्व्हवर चालवली तर फ्युएल पंप जळतो का?

एकदोनदा रिझर्व्ह लागला म्हणून जळत नाही. रोज दोनशे-तीनशेचं पेट्रोल टाकून काटा तळाशीच ठेवायची सवय असेल, तर मात्र पंपाचं आयुष्य घटतं. एप्रिल-मेमध्ये जास्तच.

गाडी एमपीएफआय, म्हणजे इंजेक्टरने पेट्रोल फवारणारी पेट्रोल गाडी, आहे असं धरतो. तिचा पंप टाकीच्या आत असतो आणि पेट्रोल थेट त्याच्या मोटरमधून, आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग) आणि ब्रश (त्याला वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे) यांवरून वाहतं. मोटर गार ठेवणं आणि वंगण, दोन्ही कामं पेट्रोलच करतं. मात्र पंप उघडा पडला की गेला, हे पूर्ण खरं नाही. बहुतेक गाड्यांत तो एका छोट्या प्लास्टिकच्या भांड्यात बसवलेला असतो आणि टाकीत थोडंच पेट्रोल उरलं तरी ते भांडं भरलेलं राहतं.

खरी अडचण तापमानाची. थोडं पेट्रोल लवकर तापतं. जुन्या, रिटर्न लाइनच्या गाड्यांत इंजिनाजवळून तापून आलेलं पेट्रोल पुन्हा टाकीत पडतं. ३५ लिटरमध्ये त्याचा पत्ता लागत नाही, ५ लिटरमध्ये लागतो. पेट्रोलमधले हलके घटक साधारण ३५-४० अंशांपासून उकळू लागतात. त्यामुळे पंप जिथून ओढतो तिथे वाफ धरते, पेट्रोलचा दाब घटतो, वंगण तुटतं, ब्रश झिजतात. त्यात दिवे घाट किंवा खंबाटकीची वळणं आली की उरलंसुरलं पेट्रोल एका कडेला जातं आणि पंप हवा ओढतो. चढावर गाडी गचके देते त्याचं हे एक कारण.

सीएनजीवाल्यांनी हे जास्त मनावर घ्यावं. बाहेरून बसवलेल्या काही किटमध्ये गॅसवर चालतानाही पेट्रोल पंप फिरतच राहतो, आणि टाकीत पेट्रोल नावाला. पंप बंद करणारा रिले (विजेवर चालणारा स्विच) लावलाय का, फिटरला विचारा. पाव टाकी कायम ठेवा, पण तेच पेट्रोल महिनोन्‌महिने साठवू नका. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल ओलावा धरतं.

गाडी तापल्यावर सुरू व्हायला वेळ लागतो, मागच्या सीटखालून कर्कश आवाज येतो, अशी लक्षणं असली तरी लगेच पुण्याच्या नाना पेठेत पंप आणायला धावू नका. किल्ली ऑन केल्यावर दोनेक सेकंद गुणगुण ऐकू येते का बघा. नसेल तर आधी फ्यूज आणि रिले. मग इंजिन चालू ठेवून पंपाच्या कनेक्टरवर व्होल्टेज मोजा. बॅटरीपेक्षा एक व्होल्टहून जास्त कमी भरलं तर दोष वायरिंग किंवा अर्थिंगचा. त्यानंतर इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीवर, म्हणजे रेलवर, गेज लावून दाब पाहा. बहुतेक गाड्यांत तो ३ ते ४ बार असतो, नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळेल.

पंप काढावाच लागला तर इंजिन गार असताना, टाकी जवळपास रिकामी करून, मोकळ्या हवेत काढा. पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडू द्या, म्हणजे लाइनमधला दाब उतरेल. मग बॅटरीची निगेटिव्ह सोडा. नव्या पंपासोबत खालची जाळी आणि झाकणाचा रबरी सील नवीनच घ्या. जुन्या जाळीवर काळा गाळ दिसला तर टाकी धुतल्याशिवाय नवा पंप बसवू नका. गाळाने जाळी चोंदली की पंपाला ओढायला जोर पडतो, मोटर तापते आणि तोही लवकरच जातो.