वेगाला दिशा हवीच का?

प्रश्न असा आहे: शाळेत 'चाल' म्हणजे नुसती संख्या आणि 'वेग' म्हणजे दिशेसह चाल, असं शिकवतात. मग भूकंपलहरींचा वेग, मज्जातंतूतल्या संदेशाचा वेग, पैशाचा भ्रमणवेग यांत दिशा कुठे असते? हे शब्दप्रयोग चुकीचे का? आणि अनुवाद करताना 'व्हेलॉसिटी' दिसली की डोळे मिटून 'वेग' लिहावं का?

प्रयोग चुकीचे नाहीत. पण डोळे मिटून लिहूही नये.

आधी शाळेतली जोडी. ४०० मीटरच्या ट्रॅकवर एक फेरी मारून धावपटू निघाला तिथेच परत आला, तर त्याच्या चालीला आकडा असतो, पण सरासरी वेग शून्य भरतो, कारण विस्थापनच शून्य. यांत्रिकीत हा भेद लागतोच. वळणावर स्पीडोमीटरचा काटा जागचा हलला नाही तरी दिशा बदलते, म्हणजे वेग बदलतो, म्हणजे त्वरण आहे आणि म्हणून बळही आहे. हा हिशोब 'चाल' आणि 'वेग' वेगळे ठेवल्याशिवाय मांडता येत नाही.

ही वाटणी मात्र पुस्तकानं केलेली आहे, भाषेनं नाही. बोलण्यात चाल असते ती घोड्याची, गाण्याची, बुद्धिबळातली, नाहीतर शत्रूची. 'गाडीची चाल ताशी ६० होती' असं कोणी म्हणत नाही. रस्त्यावरच्या पाटीवर 'वेगमर्यादा' असते आणि ती दिशेची चौकशी करत नाही. (उलट्या दिशेनं आलात तर पावती वेगळ्या कारणासाठी फाटते.) खुद्द भौतिकशास्त्रही स्वतःची शिस्त सगळीकडे पाळत नाही. प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर, हे वाक्य व्याख्येप्रमाणे 'प्रकाशाची चाल' असायला हवं. मुक्तिवेगाचं, म्हणजे ग्रहाच्या गुरुत्वाकर्षणातून कायमचं सुटायला लागणाऱ्या वेगाचं, तर आणखी गमतीदार आहे. पृथ्वीसाठी तो सेकंदाला ११.२ किलोमीटर, आणि हवेचा अडथळा बाजूला ठेवला तर वस्तू सरळ वर फेका की तिरकी, आकडा तोच राहतो. फक्त ती जमिनीत घुसता कामा नये. नाव वेगाचं, वागणं चालीचं.

संस्कृतात गेलं तर दिशेचा मुद्दा आणखी मागे पडतो. वेग हा शब्द 'विज्' धातूपासून येतो. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, त्याचा अर्थ दिला आहे भय आणि चलन, म्हणजे दचकणं, हलणं. आवेग, उद्वेग, संवेग ही सगळी त्याच घरची. चरकसंहितेत दाबून धरू नयेत असे तेरा वेग सांगितले आहेत: मल, मूत्र, शिंक, जांभई, भूक, तहान, झोप वगैरे. तिथे वेग म्हणजे आतून येणारा रेटा. वैशेषिक दर्शनात वेग हा 'संस्कार' नावाच्या गुणाचा एक प्रकार आहे. सुटलेला बाण पुढे जात राहतो तो त्याच्यामुळे. म्हणजे तो आजच्या वेगापेक्षा भौतिकशास्त्रातल्या संवेगाच्या (वस्तुमान गुणिले वेग) अधिक जवळ जातो. अंतर भागिले काळ ही अर्थच्छटा या शब्दावर पुष्कळ नंतर बसली. तेव्हा 'वेगाचा खरा अर्थ दिशेसह चाल' असं कोणी ठासून सांगितलं, तर 'खरा' या शब्दाला हरकत घ्यावी.

आता इतर शास्त्रांकडे.

भूकंपशास्त्रात वेग हा चक्क खडकाचा गुणधर्म होतो. 'हा थर सेकंदाला ६ किलोमीटरचा आहे' असं भूशास्त्रज्ञ सहज बोलून जातात. थर जागचा हलत नाही. त्याच्यातून प्राथमिक लहर (भूकंपाची सगळ्यात आधी पोचणारी) किती झपाट्यानं जाते, एवढाच त्याचा अर्थ. पाण्यात हीच लहर सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर जाते, ग्रॅनाइटमध्ये पाच-सहा. १९०९ साली क्रोएशियाचे भूकंपशास्त्रज्ञ मोहोरोविचिच यांना भूकंपाच्या नोंदींमध्ये दिसलं की काही लहरी लांबून येऊनही अपेक्षेपेक्षा लवकर पोचतात, म्हणजे खाली कुठेतरी अधिक वेगाचा थर असला पाहिजे. भूकवच आणि प्रावरण यांची सीमा अशी सापडली. इथे दिशा अगदीच गैरहजर नसते. काही खडकांत एका दिशेनं लहर भरभर जाते आणि दुसऱ्या दिशेनं जरा हळू. पण ही दिशा खडकातल्या स्फटिकांच्या मांडणीमुळे येते, शाळेतल्या व्याख्येमुळे नाही.

मज्जातंतूंची तपासणी मधुमेही मंडळींच्या ओळखीची असेल. हातावर दोन ठिकाणी विजेचा हलका झटका देतात, स्नायूचा प्रतिसाद यायला दोन्ही वेळा किती उशीर लागला ते पाहतात, दोन बिंदूंमधलं अंतर टेपनं मोजतात आणि भागाकार करतात. निरोगी हातात उत्तर सेकंदाला साधारण ५० मीटर किंवा त्याहून जास्त येतं. टेप कातडीवरून जाते, आत तंतू कसा वळला आहे ते तिला कळत नाही, म्हणजे विस्थापन वगैरे काटेकोर गोष्टींचा इथे प्रश्नच नाही. संवेदना वाहणाऱ्या तंतूची तपासणी संदेश उलटा पाठवूनही करता येते. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८५०च्या सुमारास बेडकाच्या तंतूवर हे मोजलं तेव्हा आकडा आला सेकंदाला सुमारे २७ मीटर. त्यांचे गुरू म्युलर यांना असं काही मोजताच येणार नाही असं वाटत होतं.

याच्या नेमकं उलट खगोलशास्त्रात. तिथे दिशा एकच, आपल्याकडे किंवा आपल्यापासून दूर, आणि चिन्हाला सोन्याचं मोल. वर्णपटातल्या रेषा किती सरकल्या त्यावरून ताऱ्याचा दृष्टिरेषेवरचा वेग काढतात. आडवा वेग त्यातून कळत नाही. १९९५ साली ५१ पेगासी या ताऱ्याचा हा वेग सेकंदाला पन्नास-साठ मीटरनं पुढे-मागे डुलताना दिसला, दर ४.२ दिवसांनी. त्यावरून मेयर आणि केलोझ यांनी त्याचा ग्रह शोधला आणि २०१९चं नोबेल मिळवलं. सरासरी चालीवर थांबले असते तर ग्रह हाती लागला नसता.

वाऱ्याच्या बाबतीत दिशा सांगतात, पण रीत उलटी. नैऋत्य मोसमी वारे नैऋत्येकडून येतात, नैऋत्येला जात नाहीत. समुद्रप्रवाहाची दिशा मात्र तो जातो तिकडची धरतात. हवामान आणि सागरविज्ञान एकाच पानावर अनुवादायची वेळ आली तर इथे हमखास ठेच लागते.

अर्थशास्त्रातला भ्रमणवेग सगळ्यात लांबचा पाहुणा. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ अर्व्हिंग फिशर यांच्या १९११च्या समीकरणात पैशाचा साठा गुणिले त्याचा भ्रमणवेग बरोबर किंमतपातळी गुणिले व्यवहार. शंभराची नोट वर्षात पाच हात बदलली तर तिनं पाचशेचा व्यवहार पार पाडला. एकक काय? 'वर्षाला ५ वेळा'. अंतर नाही, दिशा नाही, खरं तर ही वारंवारता झाली. तरी मला हा शब्द आवडतो, कारण 'भ्रमण' जोडल्यामुळे वाचक फसत नाही. नुसतं 'पैशाचा वेग' लिहिलं तर फसेल.

त्यामुळे अनुवाद करताना एकक आधी बघावं. अंतर भागिले काळ असेल तर 'वेग' बिनधास्त लिहावं, दिशा असो वा नसो. ज्या परिच्छेदात दिशेवरच सगळं अवलंबून आहे, तिथेच 'चाल' आणि 'वेग' ही जोडी आणावी. एरवी चाल आणली की वाचक अडखळतो. अंतर नसेल तर 'दर' बरा. रसायनशास्त्राच्या जुन्या इंग्रजी पुस्तकांत अभिक्रियेलाही व्हेलॉसिटी असायची, आणि विकरांच्या (एन्झाइमच्या) समीकरणात कमाल वेगाच्या चिन्हातलं 'व्ही' अजून टिकून आहे. मराठीत मात्र 'अभिक्रियेचा दर' हेच सरळ. क्रिकेटवाल्यांनी याच अर्थानं 'धावगती' रुजवली आहे. आता ती कोणी हलवू नये.

राहिली सॉफ्टवेअरवाल्यांची व्हेलॉसिटी. एका स्प्रिंटमध्ये, म्हणजे कामाच्या ठरावीक छोट्या टप्प्यात, टीमनं किती पॉइंटचं काम हातावेगळं केलं, त्याचं ते माप (पॉइंट म्हणजे कामाच्या आकाराचा अंदाज). तिथे वेगही नको आणि दरही नको. 'टीमचा उरक' म्हणा.