मॅकडफ कसा उभा करू?

प्रश्न : आमचा हौशी नाट्यगट शेक्सपिअरचं ‘मॅकबेथ’ मराठीत बसवतो आहे. माझ्याकडे मॅकडफ आलाय. हा माणूस बायकोमुलांना फाइफच्या गढीत सोडून एकटाच इंग्लंड गाठतो, मागे स्कॉटलंडची गादी बळकावलेला मॅकबेथ सगळ्यांना मारवतो, आणि शेवटी सूड घेणारा वीर हाच! मला हे पटत नाही. भूमिका कशी करू?
– एक वाचक, सांगली

उत्तर : पटत नाही ना, मग मुद्दाम पटवून घेऊ नका. त्याच्या बायकोलाही ते पटलेलं नाही. इवलासा पक्षीदेखील पिल्लांसाठी घुबडाशी झुंजतो, असं ती चिडून म्हणते. पुढे इंग्लंडात माल्कम, म्हणजे खून झालेल्या राजाचा मुलगा, त्याला तोंडावर विचारतो, निरोपही न घेता त्यांना का सोडलंस? मॅकडफ उत्तर देत नाही, देशाचं दुःख सांगू लागतो. ही टाळाटाळ नीट करा. भूमिकेची किल्ली तिथे आहे.

मग त्याच प्रवेशात, म्हणजे चौथ्या अंकाच्या तिसऱ्यात, रॉस हा सरदार त्या हत्येची बातमी आणतो. मॅकडफ आधी बोलतच नाही. टोपी कपाळावर ओढू नकोस, बोल, असं माल्कमला सांगावं लागतं. मग तो विचारतो, मुलंही? रॉस म्हणतो, बायको, मुलं, नोकरचाकर, सगळे. तरी पुन्हा, बायकोही? आणि थोड्या वेळाने, सगळी? सगळी म्हणालास? ऐकलेलं आत उतरतच नाही त्याच्या. इथे नट आवाज चढवतात, ते मला अजिबात सोसत नाही. हे प्रश्न हळूच विचारा. मर्दासारखा तोंड दे, असं माल्कम म्हणतो, तेव्हा उत्तर येतं : देईन, पण माणसासारखं मला ते सोसायलाही हवं. पाठोपाठ तो स्वतःला पापी म्हणतो. ती सगळी माझ्यापायी गेली, म्हणतो. तुमची शंका त्याला तुमच्याआधी छळते आहे.

म्हणून पाचव्या अंकात तो भाडोत्री सैनिकांवर तलवार चालवत नाही. मॅकबेथ दुसऱ्या कुणाच्या हातून मेला, तर बायकोमुलांची भुतं आपली पाठ सोडणार नाहीत, असं त्याला वाटतं. बाईच्या पोटी जन्मलेला कुणीही मॅकबेथला मारू शकणार नाही, असं भाकीत असतं; मॅकडफच्या, आईचं पोट फाडून झालेल्या जन्माचं रहस्य प्रेक्षकांना आपसूक भिडतं, त्यावर फार जोर देऊ नका.

१६२३च्या छापील प्रतीत मॅकडफ मॅकबेथचं शिर घेऊन येतो आणि माल्कमला राजा म्हणून मुजरा करतो. त्यानंतर त्याला एकट्याचं वाक्य नाही. माल्कम सरदारांना नव्या पदव्या देत असताना तुम्ही कुठे, कुणाकडे बघत उभे राहणार, हे दिग्दर्शकाशी आत्ताच ठरवून घ्या.