पाथ संपली की एक नाव

प्रश्न : पहाटे शेळ्या, पाणी, पोरांचे डबे. दिवसभर कापूस वेचणी. रात्री बायबल उघडलं की डोळे मिटतात. रोज प्रार्थनेला वेळ कुठून काढू?
– एक भगिनी, अंबड तालुका

उत्तर : ताई, मी एसटीत कंडक्टर होतो. पहाटेची जालना-अंबड गाडी. घरी गुडघे टेकायला जमायचंच नाही, त्याचं ओझं बरीच वर्षं वाहिलं. मग गाडी सुटायच्या आधी, तिकिटांची पेटी मांडीवर घेऊन, प्रभूची प्रार्थना म्हणायला लागलो. कधी कधी ‘आमची रोजची भाकर’ इथंच डबल बेल द्यावी लागायची! उरलेली पुढच्या थांब्यावर.

बायबलातल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या 18 व्या अध्यायातली विधवा आठवा. मागणं एकच, पण त्या न्यायाधीशाच्या दारात ती पुन्हा पुन्हा जात राहिली. तुमची वेचणीची पाथ संपली की ओटीतला कापूस गाठोड्यात रिता करता ना? तेवढ्यात घरातल्या एकाचं नाव प्रभूपुढं घ्या. पुढच्या पाथेला दुसऱ्याचं.

रात्रीचं वाचन वेचणी संपेपर्यंत खुशाल सोडा. गेथशेमाने बागेत येशू प्रार्थना करत असताना त्याच्या शिष्यांनाही झोप आवरली नव्हती, तुम्ही तर दिवसभर वाकलेल्या असता. रविवारी उपासनेहून आल्यावर, चहा ठेवायच्या आधी, वाचा.