पहिल्या सेमिस्टरला १८ क्रेडिट्स घ्यावीत का?

ताई, तुम्ही सांगलीहून विचारलंत की मुलगी ऑगस्टमध्ये अमेरिकेत इंजिनिअरिंगला निघालीय, १२ क्रेडिट्स (क्रेडिट म्हणजे विषयाचं वजन, पुढे सांगते) घेतली काय नि १८ घेतली काय, तिच्या कॉलेजात फी तेवढीच, मग १८ घेऊन एखादी सेमिस्टर वाचवावी का? प्रश्न वाचून मला रात्री झोप लागली नाही. २०१५ साली आमच्या मुलासाठी आम्ही नेमका हाच हिशेब मांडला होता.

व्हिसा, आय-ट्वेंटी (व्हिसासाठी कॉलेज देतं तो फॉर्म), बँकेचे कागद हे सगळं कॉलेजच्या साइटवर आहे, त्यात मी शिरत नाही.

आमची गोष्ट जरा मागून सांगावी लागेल. २०१२ मध्ये नाशिकहून इकडे अमेरिकेत आलो तेव्हा मुलगा नुकताच नववी पास झाला होता. इथल्या शाळेला त्याचं प्रगतिपुस्तक कळेना. आपल्याकडे सगळं मिळून 'गणित'. यांच्याकडे अल्जेब्रा वन, मग जॉमेट्री, मग अल्जेब्रा टू, एकेक वर्षाचे सुटे विषय. मी मराठी प्रगतिपुस्तकाचं भाषांतर करून घेतलं, नाशिकच्या शाळेतून शिक्का मारलेलं पाकीट मागवलं, तीन खेपा घातल्या. शेवटी त्याला अल्जेब्रा वनमध्येच बसवलं. वर्गसमीकरणं सोडवणारा मुलगा वर्षभर एक्सची किंमत काढत बसला. शाळेतल्या बाईंच्या टेबलासमोर मला इंग्रजीत धड भांडता आलं नाही, हे अजून सलतं.

त्यामुळे बारावीअखेर त्याचं कॅल्क्युलस, म्हणजे डेरिव्हेटिव्ह-इंटिग्रेशनचं गणित, झालंच नाही. बरोबरीची मुलं एपीची (शाळेतच घेतात त्या कॉलेजच्या पातळीच्या कोर्सेसची) क्रेडिट्स घेऊन कॉलेजात आली होती. मग आम्ही दोघांनी, खरं म्हणजे मीच, ठरवलं की मागे पडलेलं इथे भरून काढायचं. कॅल्क्युलस ४, लॅबसकट केमिस्ट्री ४, प्रोग्रामिंग ४, रायटिंग ३, इतिहास ३. झाली १८.

ताई, क्रेडिट म्हणजे आपल्याकडचा विषय नव्हे. एका क्रेडिटमागे आठवड्याला वर्गात एक तास आणि घरी दोन तास धरतात. १८ क्रेडिट्स म्हणजे ५४ तास. वर लॅब कागदावर एक क्रेडिटची असली तरी तीन तास खाते, रिपोर्ट वेगळाच. आणि आपल्या मुलांना सवय असते वर्षभर जमेल तसं करून शेवटचा महिना रात्र रात्र जागायची. इथे पहिल्या आठवड्यापासून होमवर्क, क्विझ, सगळ्याचे मार्क अंतिम ग्रेडमध्ये. तिसऱ्या आठवड्यात मागे पडलेलं पोर डिसेंबरात जागून वर येत नाही.

त्याचा फोन आला त्या दिवशी कोजागिरी होती. गॅसवर दूध आटत होतं, मी एका हाताने ढवळत होते. म्हणाला, "आई, कॅल्क्युलस सोडू का? शुक्रवारपर्यंत सोडता येतं, नुसता डब्ल्यू लागेल, विषय सोडल्याची खूण." मी म्हणाले, "पैसे भरलेत ना? मग सोडायचं कशाला? जरा जोर लाव." तो "बरं" म्हणाला. दूध खाली लागलं होतं, मी घाईने फोन ठेवला.

कॅल्क्युलसमध्ये डी आला, अगदी खालची ग्रेड. डब्ल्यूने जीपीए, म्हणजे ग्रेड्सची सरासरी, हलला नसता, डीने हलला. आणि त्यात सी असल्याशिवाय पुढचं कॅल्क्युलस नाही, ते नाही म्हणून फिजिक्स नाही, आणि फिजिक्सवाचून इंजिनिअरिंगचे विषय नाहीत. सगळी साखळीच मागे सरकली. एक सेमिस्टर वाचवायला निघालो होतो, उलट एक जास्त लागली. डिग्री मिळाली २०१९ च्या डिसेंबरात, साडेचार वर्षांनी.

तर तुमच्या लेकीने १४-१५ च्या पुढे जाऊ नये. नेमकी १२ सुद्धा नकोत, कारण एफ-वन, म्हणजे विद्यार्थ्यांच्या व्हिसावर १२ च्या खाली येता येत नाही. १२ च घेतली आणि एक कोर्स जड गेला तर सोडायची सोय उरत नाही. गणित, एक लॅबचा विषय, रायटिंग, आणि एखादा हलका विषय. ऑनलाइन कोर्स १२ मध्ये एकच धरतात. तरीही फारच जड झालं तर आधी कॉलेजच्या इंटरनॅशनल ऑफिसात जायचं, त्यांची परवानगी घ्यायची, मगच कोर्स सोडायचा. भाषा किंवा शिकवण्याची पद्धत नवी म्हणून सुरुवातीला अशी सवलत मिळू शकते. हे मला भाचीच्या वेळी कळलं. तिने आधी सोडला असता तर व्हिसाच अडकला असता.

गणिताची प्लेसमेंट टेस्ट (कुठल्या वर्गात बसवायचं ते ठरवणारी परीक्षा) तिला एकटीला देऊ द्या, शेजारी कुणी बसू नका. बारावीत डेरिव्हेटिव्ह-इंटिग्रेशन झालंय म्हणून थेट कॅल्क्युलस टू मिळेलही. पण माझं मत विचाराल तर वन घेऊ दे. निदान एका वर्गात तिला सगळं समजत असेल.

एकटं वाटेल का, असंही विचारलंत. वाटतं. मैत्रिणी होतात, जातं.

त्या दिवाळीला मी त्याला फराळाचा खोका पाठवला होता. डिसेंबरात सामान आणायला गेलो तेव्हा खोका पलंगाखाली होता, वरची टेप मी लावली तशीच. मी विचारलं, खाल्लं का नाहीस? म्हणाला, "कॅल्क्युलस पास झाल्यावर उघडणार होतो."

लेकीचं रजिस्ट्रेशन जुलैत होईल. विषय ठरले की मला कळवा, पण तिच्याशी बोलून ठरवा. मी ते केलं नव्हतं.