मातीविना शेती, वर्गातल्या वर्गात : वाचकांचे प्रश्न

शाळेतल्या हायड्रोपोनिक्सबद्दल शिक्षक आणि पालकांनी पाठवलेले सहा प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : आठवीच्या वर्गासाठी संच घ्यायचा आहे. पंपावर चालणारी पाइपांची मांडणी बरी की उभा टॉवर? वर्गात ४० मुलं आहेत.

पहिल्या सत्रात तरी दोन्ही नको. एका पंपावरच्या संचात सगळी रोपं पोषक क्षारांचं एकच द्रावण पितात. म्हणजे रोपं तीस असली तरी प्रयोग एकच. शिवाय शनिवारी पंप बंद पडला की सोमवारी सगळ्यांनी माना टाकलेल्या.

त्याऐवजी चार-चार मुलांच्या गटाला ४ लिटरच्या दोन बरण्या द्या. हवाई विद्यापीठातल्या बर्नार्ड क्रॅटकी यांच्या पद्धतीत पंप लागतच नाही. झाकणाला ५ सेंमीचं भोक पाडून त्यात जाळीदार कुंडी घट्ट बसवा. लेट्यूसचं बी अडीच सेंमीच्या ओल्या स्पंजमध्ये पेरा. बीजदलांनंतरची दोन-तीन खरी पानं आली (साधारण दोन आठवडे) की स्पंज कुंडीत ठेवा आणि कुंडीचा तळाचा १ सेंमी भाग बुडेल इतकं द्रावण भरा (त्याची कृती तिसऱ्या उत्तरात आहे). बरणीला आतून काळा, बाहेरून पांढरा कागद गुंडाळा. काळ्यामुळे उजेड आत जात नाही, शेवाळ धरत नाही. पांढऱ्यामुळे पाणी तापत नाही.

रोप पाणी पीत जातं तशी पातळी उतरते आणि वर उघडी पडलेली मुळं दमट हवेतून ऑक्सिजन घेऊ लागतात. इथेच हमखास चूक होते. पातळी उतरलेली पाहून एखादं कनवाळू मूल बरणी पुन्हा काठोकाठ भरतं, हवेला सरावलेली मुळं बुडतात आणि दोन दिवसांत रोप मलूल होतं. भर घालायचीच तर निम्म्याच्या खालीच थांबा. पातळी समजायला कागदात बोटभर रुंद उभी फट ठेवून ती झाकपट्टीने बंद करा. दर सोमवारी पट्टी उचलून खूण करायची. पहिले दोन-तीन आठवडे खुणा दाटीवाटीने येतात, मग अंतर वाढत जातं. आलेख काढायला याहून सोपी सामग्री नाही.

प्रश्न : कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. सामू (पीएच) ६ वर आणला तरी दोन दिवसांत ७.५ होतो. खत वाढवावं का?

वाढवू नका. आधीच पुरेशा असलेल्या क्षारांत भर पडली तर पानांच्या कडा करपतील.

जुनी पानं आधी पिवळी पडली तर संशय नायट्रोजनवर घ्यायचा, कारण झाड तो जुन्या पानांतून काढून नव्यांना देतं. लोह असं हलवता येत नाही, म्हणून त्याची उणीव कोवळ्या पानांवर दिसते. तुमच्या बरणीत लोह आहे, पण ईडीटीए प्रकारचं चिलेटेड लोह (म्हणजे सेंद्रिय रेणूने धरून विरघळलेलं ठेवलेलं लोह) साधारण ६.५ सामूपर्यंतच टिकतं. त्यापुढे ते द्रावणातून निघून तळाशी बसू लागतं. पाणी अल्कधर्मीच असेल तर ७ च्या थोडं वरपर्यंत टिकणारं डीटीपीए प्रकारचं लोह वापरा.

सामू का चढतो? कारणं दोन. नळाच्या पाण्यातले बायकार्बोनेट आम्ल खाऊन टाकतात. किंवा मुळं नायट्रेट शोषताना बदल्यात हायड्रॉक्सिल वा बायकार्बोनेट सोडतात. दोघांपैकी गुन्हेगार कोण, हे मुलांनाच शोधू द्या. त्याच द्रावणाची एक बरणी रोपाशिवाय ठेवा. तिचाही सामू चढला तर दोष पाण्याचा, रोपाच्याच बरणीचा चढला तर मुळांचा. पहिल्या बाबतीत निम्मं आरओचं पाणी मिसळा, सामू ५.८ वर आणा, रात्रभर ठेवून सकाळी पुन्हा मोजा आणि मगच रोप लावा. सायट्रिक आम्ल सुरक्षित असलं तरी जिवाणू ते खातात आणि काही दिवसांत सामू पुन्हा वर जातो. फॉस्फोरिक आम्ल टिकतं, पण ते शिक्षकांनीच हाताळावं : हातमोजे, चष्मा, आणि पाण्यात आम्ल, आम्लात पाणी नव्हे.

त्याआधी मीटर तपासून घ्या. ४ आणि ७ सामूच्या प्रमाण द्रावणांत तो बरोबर दाखवतो का? त्याचं टोक ऊर्ध्वपातित पाण्यात ठेवलं तर बिघडतं. पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात ठेवावं. कित्येकदा रोपाचा आजार मीटरमध्येच सापडतो.

प्रश्न : नायट्रोजनच्या अभावाचा प्रयोग करायला कॅल्शियम नायट्रेट वगळलं. रोपं खुरटली, पण नव्या पानांची टोकंही काळी पडली. पुस्तकात तसं नाही.

तुम्ही एक नाही, दोन गोष्टी वगळल्या. कॅल्शियम नायट्रेटबरोबर कॅल्शियमही गेलं, आणि नव्या पानांची जळकी टोकं ही त्याचीच खूण. नायट्रोजन काढताना बाकी सगळं जागच्या जागी राहायला हवं.

पूर्ण द्रावण, १० लिटरसाठी (होगलंड या प्रमाणित पोषक द्रावणाच्या निम्म्या तीव्रतेचं) : कॅल्शियम नायट्रेट टेट्राहायड्रेट ४.७ ग्रॅम, पोटॅशियम नायट्रेट ३ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट हेप्टाहायड्रेट २.५ ग्रॅम, मोनोअमोनियम फॉस्फेट ०.६ ग्रॅम, ईडीटीए प्रकारचं लोह (त्यात लोह १३ टक्के) ०.१५ ग्रॅम आणि सूक्ष्म अन्नद्रव्यांचं तयार मिश्रण वेष्टनावरच्या प्रमाणात (त्यात लोह असेल तर ते हिशेबात धरा). ऊर्ध्वपातित किंवा आरओच्या पाण्यात याची विद्युतवाहकता (विरघळलेल्या क्षारांचं माप) साधारण १.१ मिलिसिमेन्स प्रति सेंमी येते.

नायट्रोजनविना : कॅल्शियम नायट्रेटऐवजी कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट २.९ ग्रॅम, पोटॅशियम नायट्रेटऐवजी पोटॅशियम क्लोराइड २.२ ग्रॅम, मोनोअमोनियम फॉस्फेटऐवजी मोनोपोटॅशियम फॉस्फेट ०.७ ग्रॅम. बाकी तसंच.

प्रत्येक क्षार आधी वेगळ्या पेल्यात विरघळवून मग मोठ्या पाण्यात ओता. कॅल्शियमचं दाट द्रावण सल्फेट किंवा फॉस्फेटच्या दाट द्रावणात मिसळलं की पांढरा साका बसतो आणि तो रोपाला मिळत नाही. बाजारी खतं ‘ए’ आणि ‘बी’ अशा दोन बाटल्यांत येतात ती यासाठीच. एकदा हा साका मुद्दाम पाडून दाखवा, मुलं विसरणार नाहीत.

प्रश्न : विद्यार्थी विचारतात, मातीशिवाय झाड वाढतं, तर मातीचं काम काय?

प्रश्न जुना आहे. सतराव्या शतकातल्या यान व्हान हेल्मॉन्ट या शास्त्रज्ञाने २०० पौंड कोरड्या मातीत विलोचं रोप लावून पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड सुमारे १६४ पौंडांनी वाढलं, माती दोन औंसांनी घटली. १६४८ साली हे छापून आलं. झाड पाण्यापासून बनतं, असा त्याचा निष्कर्ष होता. हवा त्याच्या लक्षातच आली नाही आणि ते दोन औंस त्याने सोडून दिले. १८६० च्या सुमारास युलिउस झाक्स आणि विल्हेल्म क्नोप या जर्मन शास्त्रज्ञांनी रोपं नुसत्या क्षारांच्या द्रावणात वाढवून दाखवली, तेव्हा त्या दोन औंसांची किंमत कळली.

वर्गात हे वजनकाट्यावर येतं. १५० ग्रॅमचा लेट्यूस वाळवला तर साडेसात ग्रॅमच्या आसपास उरतो, आणि त्यातलाही मोठा वाटा हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा. माती मुळांना आधार देते, पाणी आणि क्षार धरून ठेवते, सामूचे झटके सोसते. ही सगळी कामं बरणीत आपल्या अंगावर येतात. म्हणून तर रोज मोजावं लागतं.

प्रश्न : मुळं तपकिरी आणि बुळबुळीत झाली आहेत, वासही येतो. डास होतील का, अशीही पालकांना काळजी आहे.

नुसता तपकिरी रंग खताचाही असतो. एक मूळ चिमटीत धरून हलकेच ओढा. वरची साल मोज्यासारखी निघून आत दोरा उरला तर ती मूळकूज, बहुधा पिथियम या बुरशीसारख्या जिवामुळे झालेली. पाणी तापणं हे मुख्य कारण. २० अंशांना लिटरभर पाण्यात सुमारे ९.१ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना ७.५; आणि मुळांची गरज मात्र उष्णतेबरोबर वाढते. रोप टाकून द्या. बरणी एक भाग घरगुती ब्लीच आणि नऊ भाग पाण्याने धुऊन, खळबळून वाळवा. ब्लीच आणि सामू उतरवायचं आम्ल एकत्र येऊ देऊ नका, क्लोरीन वायू निघतो.

डास फटीतून शिरतात. कुंडीची कड आणि झाकण यांत फट नको, रिकामं भोक बारीक जाळीने बंद. पाण्यावर तेल टाकायचा सल्ला ऐकू नका, मुळं गुदमरतील.

प्रश्न : ही शेती पर्यावरणपूरक आहे, असं फलकावर लिहू का?

आधी हिशेब करा. अ‍ॅरिझोनातल्या परिस्थितीसाठी २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत, किलोभर लेट्यूसला शेतात सुमारे २५० लिटर पाणी लागतं आणि हायड्रोपोनिक्समध्ये २०. पण ऊर्जा शेतात १,१०० किलोजूल आणि इथे ९०,०००, ती मुख्यतः हरितगृह गरम-थंड ठेवण्याची.

तुमच्या वर्गाचा आकडा काढा. ४० वॅटचा एलईडी रोज १६ तास म्हणजे ०.६४ युनिट, ३५ दिवसांत २२.४. त्याखाली १५० ग्रॅमचे आठ गड्डे आले तर १.२ किलो, म्हणजे किलोमागे जवळपास १९ युनिट, सुमारे ६७,००० किलोजूल. त्याच बरण्या उजेडाच्या खिडकीत ठेवल्या तर हा आकडा शून्य. फलकावर दोन्ही आकडे लिहा.

आणि उरलेलं द्रावण मोरीत ओतू नका. त्यातलं नायट्रेट आणि फॉस्फेट जलाशयात पोचलं की तिथे शेवाळ माजतं. दुप्पट पाणी घालून कुंडीतल्या झाडांना द्या, पण त्याच कुंडीला सारखं नको, क्षार साठतात. नायट्रोजनविना बरण्यांमधलं पाणी क्लोराइडचं असतं, ते जास्त पातळ करून वेगवेगळ्या झाडांत वाटा.